निशाणी

२०२१ सालची संक्रांत गुरुवारी होती. दुसऱ्या दिवशी किंक्रांत, म्हणजे करिदिन. या दिवशी कुठलंही चांगलं काम हाती घेऊ नये असं आजी सांगायची. राज्य निवडणूक आयोगाला आजी कुठून असणार? राज्यातल्या चौदा हजारांवर ग्रामपंचायतींचं मतदान नेमकं त्याच दिवशी, १५ जानेवारीला ठेवलेलं. मी दौंडात माझ्या घरी तिळाच्या वड्यांच्या ताटाला चिकटलेला पाक खरवडत होते. साडेचारच्या सुमाराला माहेरहून चुलतभावाचा फोन आला. माहेर भीमेपलीकडे, शिरूर तालुक्यात.

"ताई, तिळगूळ घे. आणि हां, तुझं मत टाकलं बरं का. काळजी करू नको."

मी डाव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं. पाकानं चिकट झालं होतं. शाईची रेघ नव्हती.

"कुणी टाकलं रे?"

"कुणी काय कुणी? घरचंच मत, घरच्यानंच टाकलं."

दळण आणायला गेलो होतो, तुझाही डबा घेऊन आलो, असं सांगावं तसा त्याचा आवाज होता. माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. सासरच्या नावानं मी दौंडात मतदान करत होते. माहेरच्या यादीत माझं माहेरचं नाव तसंच राहिलं होतं, बापाच्या नावासकट. गावाच्या लेखी मी अजून कुमारिका. मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण हेच वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं होतं. बावीस वर्षांपूर्वी, नदीकाठी, आजीच्या दहाव्याला.

पण त्याआधी आजीची निशाणी सांगायला हवी.

आजीला 'चिन्ह' हा शब्द कधी जमला नाही. ती निशाणी म्हणायची. "औंदा कुठली निशाणी हाय गं?" शब्द तिचा नव्हता, तिच्या आज्यापणज्यांचा होता. सही न येणारा कुणबी जुन्या कागदावर नांगर काढायचा. दोन रेघांचा नांगर, आणि शेजारी कारकून लिहायचा, 'निशाणी नांगर'. सुताराची निशाणी त्याच्या हत्याराची. बाईच्या नावापुढे बांगडी, आणि नाव लिहिताना 'अमकी कोम तमका', म्हणजे तमक्याची बायको. कागदावर माणूस नसायचा. त्याचा धंदा असायचा, नाही तर त्याचा नवरा.

आजीच्या आज्यानं असाच एक नांगर सावकाराच्या खतावर काढला होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं खताची मुदत तीन वर्षांवर आली, तशी दर तीन वर्षांनी नवं खत. जुनं मुद्दल, त्यावरचं व्याज, दोन्हींची बेरीज म्हणजे नवं मुद्दल, आणि खाली पुन्हा नांगर. वर काय लिहिलंय ते नांगर काढणाऱ्याला वाचता येत नव्हतं. १२ मे १८७५ ला तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या घरांतून खतं काढून जाळली. दंग्याचं लोण शिरूरच्या गावांत पोचलं. पुढे आयोग बसला, १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. इतिहासाच्या पुस्तकात हे सगळं आहे. आजीच्या गोष्टीत जादा एवढंच, की तिचा आजा जमावात होता आणि खताचा एक अर्धवट जळलेला तुकडा घेऊन घरी आला. "नांगर तेवढा वाचला हुता," ती म्हणायची. तो तुकडा देव्हाऱ्याखाली होता म्हणे. मी कधी पाहिला नाही. आजीच्या गोष्टींतल्या वस्तू नेहमी आपण पाहायच्या आधीच हरवलेल्या असत.

दंगेखोरांनी माणसांना फारसा हात लावला नव्हता. त्यांना हवे होते कागद. खोटं कुठं ठेवलेलं असतं हे शिरूर-भीमथडीच्या कुणब्याला दीडशे वर्षांपूर्वी नेमकं ठाऊक होतं.

१९५२ ची निवडणूक आजोबांच्या तोंडून ऐकलेली. त्या वेळी मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं नव्हती की चित्रं नव्हती. एक रुपयाच्या नोटेएवढा कागद, नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये नोटांसारखाच छापलेला. आत आडोशाला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याची निशाणी चिकटवलेली. आपल्याला हवी त्या पेटीत कागद टाकायचा. बैलजोडीच्या पेटीला लोक वाकून नमस्कार करत होते, हळदीकुंकू वाहत होते. आजोबांनी स्वतः केला होता. "बैल म्हटल्यावर हात जोडलेच जातात," असं त्यांचं म्हणणं.

या पद्धतीत एक भोक होतं आणि ते सापडायला गावाला दुपारचे बारासुद्धा वाजले नाहीत. आडोशाला गेलेला माणूस कागद पेटीत टाकतो की कोपरीच्या खिशात, हे बाहेर कुणाला दिसणार? काहीजण कागद तसाच बाहेर आणायचे. पिंपळाखाली गिऱ्हाईक बसलेलं असायचं. आठ आणे, बारा आणे. संध्याकाळी एखादा भरवशाचा गडी फेट्याच्या पदरात आठ-दहा कागद घेऊन आत जायचा आणि एका दमात योग्य पेटीला नैवेद्य दाखवायचा. आजोबा हे हसत सांगत. गिऱ्हाईक कोण होतं हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची आमची टाप नव्हती. ही पळवाट निवडणूक आयोगालाही कळली असणार. १९६२ पासून देशभर एकच पेटी, कागदावर सगळ्यांची नावं-निशाण्या आणि शिक्का, अशी पद्धत आली. म्हैसूरच्या कारखान्यातली न पुसणारी शाईही त्याच निवडणुकीतली.

शाईवर आमच्याकडे शंभर उपाय होते. चुना, रुईचा चीक, आधीच लावून ठेवलेलं मेण. धाकल्या आजोबांचं मत होतं की हे सगळं पोरखेळ. शाई घालवायचा खरा उपाय एकच, लावणारा आपला पाहिजे.

धाकले आजोबा म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ. गावाचं राजकारण त्यांच्याकडे. सोसायटी त्यांच्याकडे, तमाशाची सुपारी त्यांच्याकडे, आणि मतदानाच्या दिवशी पितरंही त्यांच्याकडे. आमच्या गावात पितर वर्षातून एकदा जेवायला यायचे आणि पाच वर्षांतून एकदा मतदानाला. मेलेल्याचं नाव यादीतून काढायला कुणी जात नसे. आजही सहसा जात नाही. मृत्यूच्या दाखल्यासाठी धावपळ होते ती सातबाऱ्यावर वारस लावायला. मतदार यादीत वारस लागत नाही, मग कशाला खेटे घाला?

१९७८ ची विधानसभा. मी आठ वर्षांची. आणीबाणी होऊन गेलेली, जनता पक्षाची हवा, आणि त्यांची निशाणी चक्रातला नांगरधारी शेतकरी. आमचं घर पिढीजात काँग्रेसचं. पण आजीनं भिंतीवर तो नांगर पाहिला आणि ती हटूनच बसली. "ही आमची निशाणी. माझ्या आज्याची." बाईची निशाणी बांगडीची असते, नांगराची नाही, असं आजोबांनी समजावून पाहिलं. तिनं ऐकलं नाही. हे बोलणं चुलीपुढं झालं. त्या घरात चुलीपुढचं बोलणं ओसरीवर पोचायला वेळ लागत नसे.

मतदानाच्या दिवशी खुरपणी आटपून, हातपाय धुऊन, ठेवणीतलं इरकल नेसून आजी निघाली. बोट धरून मी. शाळेच्या खोलीत टेबलं लावलेली. कारकुनानं यादीत नाव पाहिलं, मग आजीकडे पाहिलं.

"मावशी, तुमचं मत झालंय."

"कसं व्हईल? म्या आत्ता आले."

त्यानं मतपत्रिकेची स्थळप्रत उलटी फिरवून दाखवली. तिथं अंगठा होता. आजीनं तो बराच वेळ पाहिला. अक्षर येत नव्हतं तिला, पण अंगठा वाचता येत होता. मग तिनं आपला डावा अंगठा पुढं केला. लहानपणी विळा लागून त्यावर आडवा वण पडलेला, अर्धा अंगठा कापून जोडल्यासारखा.

"ही निशाणी माझी न्हाय," ती म्हणाली.

खोली गप्प झाली. आणि खिडकीपाशी बसलेले विरोधी पक्षाचे पोलिंग एजंट, आमच्याच शाळेतले एक गुरुजी, ताडकन उठले. त्यांची कहाणी मला मागाहून कळली. तासाभरापूर्वी तोंडावर पदर ओढलेली एक बाई आजीच्या नावानं आली तेव्हा त्यांनी आक्षेप घेतला होता. मतदार खोटा आहे असा आक्षेप घ्यायचा तर केंद्राध्यक्षाकडे रोख दोन रुपये अनामत भरावी लागते. त्या काळी दोन रुपये म्हणजे शेतावरच्या बाईची दिवसाची मजुरी. गुरुजींनी भरले. मग चौकशी. गावातल्या दोन जाणत्यांनी पदराकडे बघून सांगितलं, हीच ती. आक्षेप फेटाळला, गुरुजींनी मुद्दाम खोडी काढली असं ठरलं आणि दोन रुपये सरकारजमा झाले. आता खरी बाई समोर उभी. गुरुजी म्हणाले, माझे दोन रुपये परत द्या. केंद्राध्यक्ष म्हणाले, पावती फाटली.

त्या गोंधळात केंद्राध्यक्षांनी आजीला मात्र परत पाठवलं नाही. चांगला माणूस असावा, किंवा नियम पाठ असलेला. त्यांनी दुसरी मतपत्रिका घेतली, तिच्या पाठीवर स्वतःच्या हातानं काहीतरी लिहिलं आणि आजीला दिली. आडोशाला जाऊन तिनं नांगरावर शिक्का मारला. कागद पेटीत न टाकता साहेबांनी एका वेगळ्या पाकिटात घातला.

पुढे वीस वर्षं आजीनं हे पाकीट मिरवलं. "समद्यांची मतं पेटीत कोंबल्याली. माझं मत साहेबानं येगळ्या पाकिटात ठिवलं." त्या निवडणुकीत जनता पक्षाला राज्यात ९९ जागा मिळाल्या, सगळ्यात जास्त. त्यातली निदान एक आपल्या पाकिटामुळे आली असं तिचं पक्कं मत होतं.

१९९५ च्या विधानसभेला मी जिल्हा परिषदेची शिक्षिका म्हणून निवडणुकीच्या ड्यूटीवर गेले. मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांचा जमाना, सगळे धास्तावलेले. प्रशिक्षणात साहेब पुस्तिका वाचून दाखवत होते. आपल्या नावावर कुणी आधीच मत टाकून गेलं असेल तर खऱ्या मतदाराला प्रदत्त मत, आपण ज्याला टेंडर मत म्हणतो ते, देता येतं. मतपत्रिकेच्या मागे केंद्राध्यक्षानं तसं लिहायचं. ती पेटीत टाकायची नाही. वेगळ्या पाकिटात ठेवायची, पाकीट सीलबंद करायचं. ही मतं मोजली जात नाहीत.

माझ्या हातातलं पेन थांबलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं.

असं पाकीट उघडायचं तर निवडणूक याचिका व्हावी लागते, न्यायालयानं सांगावं लागतं. २००८ साली राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मतानं पडले, ६२,२१६ विरुद्ध ६२,२१५. तेव्हा टेंडर मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एरवी ती पाकिटं मुदत संपली की नष्ट होतात. आजीचं मत कधीच मोजलं गेलं नव्हतं. तिच्या नावानं मोजलं गेलं ते दुसरीचं.

मी तिला सांगितलं नाही. त्या रविवारी गावी गेले, तिनं पुन्हा पाकिटाची गोष्ट सांगितली, मी पुन्हा ऐकली.

आजी १९९९ च्या पावसाळ्यात गेली. ८३ वर्षांची होती. दहाव्याला भीमेच्या काठी पिंड मांडला. नदीला पाणी होतं, झाडांवर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. अर्धा तास झाला. मग आपल्याकडे करतात ते सुरू झालं. वडील पुढं झाले, म्हणाले, "आई, धाकटीचं लग्न चांगल्या घरात करतो." कावळा नाही. काकू म्हणाली, "तुमची गाय मी सांभाळीन." नाही. चुलता म्हणाला, बांधाचं भांडण मिटवतो. त्यावर तर जवळच्या फांदीवर एक कावळा होता तोही उडाला. भटजी घड्याळ बघायला लागले.

तेव्हा धाकले आजोबा काठी टेकत पुढं आले. ऐंशीच्या घरातले. त्यांनी हात जोडले आणि पिंडाकडं बघत, सगळ्यांना ऐकू येईल असं बोलले.

"वैनी, त्या वर्साला तुझं मत म्याच टाकून घेतलं. वाडीवरची बाई आणली हुती. सात अंगठं दिलं तिनं त्या दिशी. तुझा त्यातला एक." थोडं थांबले. "पर घरचंच मत हुतं. घरच्यानंच टाकलं."

माफी नव्हती ती. हिशेब होता. घरातलं धान्य, घरातलं दूध, घरातलं मत, सगळं कर्त्या पुरुषाच्या ताब्यात. वहिनी ते दुसऱ्याच्या कणगीत ओतायला निघाली होती, म्हणून दीरानं ते आधीच उचलून जागच्या जागी ठेवलं. कायद्याच्या भाषेत याला तोतयेगिरी म्हणतात, तेव्हाच्या दंड संहितेत एक वर्षापर्यंत कैद होती. पुण्याच्या मुलखाला तोतया नवा नाही. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावानं एकजण उभा राहिला आणि १७७६ साली त्याला देहान्त शिक्षा झाली. पण तो भाऊसाहेब व्हायला निघाला होता. पदर ओढून माझी आजी होणाऱ्या बाईला आजी व्हायचं नव्हतं आणि धाकल्या आजोबांनाही गुन्हा करायचा नव्हता. त्यांना मत घरात ठेवायचं होतं.

कावळा शिवला का, असं लोक विचारतात. शिवला. थोड्या वेळानं. गावात काहीजण अजून सांगतात की कबुलीमुळेच शिवला. माझ्या मते काकूनं मागच्या बाजूनं भज्यांचं ताट पुढं सरकवलं त्यामुळे.

'घरचं मत' हा शब्द एकदा कानात बसला की इकडचं निम्मं राजकारण उलगडतं. शिरूरला न्हावऱ्याची घोडगंगा, दौंडला पाटसचा भीमा, या दोन साखर कारखान्यांभोवती दोन्ही तालुके फिरत आलेत. कारखान्याचा सभासद म्हणजे मतदार. सभासद मेला की शेअर वारसाच्या नावावर व्हायला हवा. पण भावाभावांत एकमत होत नाही, वारसनोंद लांबते, आणि मेलेला सभासद वर्षानुवर्षं सभासदच राहतो. राज्यात कुठल्याही कारखान्याची निवडणूक लागली की 'मयत सभासद' हा शब्द पेपरात येणारच. जिल्हा बँकेला तर सोसायटीतली शेकडो माणसं एका ठरावात मावतात. सोसायटीच्या वतीनं मतदान कोण करणार हे तो ठराव सांगतो. मग ठराव ज्याच्या नावावर तो माणूस एका सकाळी घरातून नाहीसा होतो. बायको शेजारणीला सांगते, सहलीला गेलेत. देवदर्शन, समुद्र, थंड हवा. मतदानाच्या दिवशी गाडी त्याला केंद्राच्या दारात सोडते. चेहरा उजळलेला असतो, फोन मात्र दुसऱ्याच्या खिशात.

सरपंचपदाचंही तेच. २०१७ आधी, आणि पुन्हा २०२० ते २०२२ मध्ये, सरपंच सदस्यांतून निवडला जायचा. सात जणांच्या पंचायतीत चारजण सांभाळले की काम व्हायचं, आणि चारजण सांभाळायला एक जीप पुरायची.

आणि गावचं मत? तेही एक घरच. जानेवारी २०२१ च्याच निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदाची बोली दोन कोटी पाच लाखांवर गेली, देवळाच्या बांधकामासाठी. नंदुरबारच्या खोंडामळीत बेचाळीस लाख. राज्य निवडणूक आयोगानं दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या. तिथल्या लोकांना प्रामाणिकपणे वाटत असणार, देवाच्या कामाला पैसा चाललाय, यात कुणाचं काय गेलं? गेलं ते त्या बाईचं, जिला वेगळ्या निशाणीवर शिक्का मारायचा होता. बिनविरोध निवडणुकीचं मला पूर्वी फार कौतुक होतं. आता कुठं बिनविरोध झालं असं वाचलं की मला आधी आजी आठवते.

रांजणगावची एमआयडीसी आली, शिक्रापूर-सणसवाडीच्या चाळी वाढल्या, तसं घरचं मत चाळीचंही झालं. मराठवाड्यातून, बिहारमधून आलेलं पोरगं दहा बाय दहाच्या खोलीत राहतं. त्याचं नाव यादीत कुणी घातलं, कुठल्या वॉर्डात घातलं, खोली सोडून गेल्यावर ते नाव कोण वापरतं, हे त्याला विचारून ठरत नाही. पंचायतीच्या वॉर्डात काही शे मतं. समसमान झाली तर चिठ्ठी टाकतात, शाळकरी पोराकडून उचलून घेतात. अशा ठिकाणी पाच-सहा भाडेकरूंचा गठ्ठा म्हणजे पंचायतीतली जागा.

सध्या भांडण मतदान यंत्राचं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीनं विधानसभेचं मतदान गावापुरतं मतपत्रिकेवर पुन्हा घेऊन पाहायचं ठरवलं. त्यांचा उमेदवार मतदारसंघात निवडून आला होता, पण त्यांच्या गावात मागे दिसत होता. प्रशासनानं जमावबंदी लावली, मतदान झालं नाही, गावकऱ्यांवर गुन्हे मात्र झाले. गावानं स्वतःच्या खर्चानं स्वतःची शंका तपासायला घेतली होती. ती तपासू दिली असती तर आभाळ कोसळलं नसतं. पण खरं सांगायचं तर मला यंत्रापेक्षा यादीची धास्ती जास्त वाटते. पेटीवर पोलीस असतो, यंत्रावर सील असतं, यादीवर कोण असतं? चंद्रपूरच्या राजुऱ्यात २०२४ च्या विधानसभेआधी मतदार नोंदणीचे सहा हजारांवर बोगस अर्ज ऑनलाइन आले, पोलिसांत गुन्हा दाखल झाला. वाडीवरच्या बाईला सात अंगठ्यांसाठी दिवसभर उन्हात उभं राहावं लागलं होतं. आता पदरही लागत नाही.

२०२५ च्या नगरपरिषद निवडणुकांना राज्य निवडणूक आयोगानं दुबार मतदार शोधून त्यांच्या नावापुढे दोन तारे छापले. दौंडात राज्य राखीव पोलिसांचा, एसआरपीचा तळ, त्यामुळे आमच्या गावाला खांद्यावरचे तारे मोजायची सवय. दोन तारे म्हणजे फौजदार. आमच्या मागच्या गल्लीत दोन वेगवेगळ्या बायका आहेत, नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव योगायोगानं एकच. दोघींना तारे मिळाले आणि आपण एकाच जागी मतदान करणार असं लिहून द्यायला लागलं. मी, जी खरोखर दोन तालुक्यांच्या यादीत होते, माझं नाव कोरं. कारण दोन्हीकडची नावंच वेगळी. सॉफ्टवेअरला माझ्या लग्नाचं आमंत्रण नव्हतं.

तेव्हा मी फॉर्म ७ भरला. नाव काढून टाकायचा तो फॉर्म. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी यादी करत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतो. म्हणून काढायचं तर तिथूनच काढावं लागतं. कारणांच्या यादीत मृत्यू आहे, आधीच दुसरीकडे नोंद आहे, आणि 'कायमचे स्थलांतर' आहे. मी शेवटच्यावर खूण केली.

आठवड्यानं चुलत्यांचा फोन आला. मतदार यादीचं काम बघणारे बीएलओ घरी येऊन गेले होते. चुलते बराच वेळ काही बोलले नाहीत.

"काय झालं तात्या?"

"काय न्हाय. लेकीनं माहेर तोडलं म्हणायचं."

"तात्या, नाव काढलंय, माहेर नाही."

"यादीत हुतीस तवर घरात हुतीस गं," ते म्हणाले.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिवाळीला दोन किलो बाजरी जास्त पाठवली त्यांनी, ती रागानं की मायेनं, अजून कळलेलं नाही.

पुढची यादी लागली तेव्हा चावडीवर जाऊन मी आमच्या घराचं पान पाहिलं. माझं नाव नव्हतं. आजीचं आहे. वय १०९.